ठोकणारं कुलूप

जर्मनीच्या पूर्व फ्रिझियातलं हारमरफेन हे गाव नऊ किलोमीटर लांब आणि दोन घरं रुंद आहे. मधून कालवा, कालव्याच्या दोन्ही काठांना एकेक रस्ता, रस्त्याला लागून घरांची एकेक ओळ, संपलं गाव. अशा गावात बातमी चहूकडे पसरू शकत नाही, तिला रांगेनं जावं लागतं. एकोणिसशे अठ्ठ्याऐंशी साली ती नेण्याचं काम थेडा उल्फर्सच्या पावाच्या गाडीकडे होतं.

थेडा पन्नाशीला टेकलेली, रुंद खांद्यांची, आणि गाडीच्या मागच्या दारात उभी राहिली की दार लावल्यासारखी दिसणारी बाई. सकाळी पश्चिम काठानं निघायची, शेवटच्या पुलावरून वळून पूर्व काठानं परत यायची. घंटा वाजवली की बायका दारात येत. ‘मॉइन’ म्हणत. या मुलखात सकाळ, दुपार, लग्न आणि मयत या सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. मग राईचा काळा पाव घ्यायचा आणि त्याच्या वजनाइतकी एखादी गोष्ट सांगून जायची. हारमरफेनच्या माणसांना फार बोलायची सवय नाही. दोन सख्खे भाऊ एका शिडीवरून चौदा वर्षं न बोलता जगू शकतात. पण पाववालीशी न बोलून कसं चालेल? उद्या शिळा दिला तर?

या ऐकलेल्या बोलण्यातून थेडानं एक नाटक लिहिलं होतं. तीन अंकी. ‘पूल वर की खाली’. इथले पूल होड्या आल्या की वर उचलावे लागतात.

दर हिवाळ्यात गावच्या खानावळीच्या मोठ्या दालनात गावच्या बोलीत एक विनोदी नाटक होतं. सगळं गाव येतं. न बोलणारे भाऊसुद्धा येतात आणि दालनाच्या दोन टोकांना बसून एकाच वाक्याला हसतात. पण गेली नऊ वर्षं त्यांना हसायला तेच वाक्य होतं, कारण नऊ वर्षं तेच नाटक होत होतं: ‘बॅरनचा बटलर’. बटलरचं काम गावच्या नाटकमंडळाचा प्रमुख हिंडेर्क पोपिंगा करी. हिंडेर्क पूर्वी वाहन परवान्याचा परीक्षक होता. आयुष्यभर शेजारच्या आसनावर बसून लोकांच्या चुका मोजल्यामुळे त्याची मान डावीकडे किंचित वळलेली राहिली होती. थेडाला त्यानं परीक्षेत दोनदा नापास केलं होतं, दोन्ही वेळा पुलाच्या चढावर गाडी मागे घसरली म्हणून. तिसऱ्यांदा पास केलं तेही अशा चेहऱ्यानं, की जणू पूलच सपाट झाला असावा.

थेडानं मंडळात नव्या नाटकाचा विषय काढला तेव्हा हिंडेर्क म्हणाला होता, “लिही की. कोण अडवतंय? शुक्रवारच्या बैठकीत टेबलावर ठेव. पूर्ण. कागदावर. नसेल तर बटलर आहेच.”

“शुक्रवारी ठेवते,” थेडा म्हणाली.

हे सोमवारी. आणि तेव्हा तिच्या मते काही अडचण नव्हती. नाटक लिहून झालं होतं. फक्त छापायचं राहिलं होतं. अपुरं नाटक कागदावर उतरवणं तिला अर्धकच्चा पाव विकण्यासारखं वाटे, म्हणून तोवर तिनं एकही पान छापलं नव्हतं.

नाटक होतं फ्लॉपीवर. थेडाकडे घरगुती संगणक होता. तपकिरी, फुगीर पाठीचा. अख्खा जर्मनी त्याला लाडानं ‘पावाचा डबा’ म्हणे. थेडाला त्यात काही गंमत वाटत नसे. दिवसा पावाची गाडी, संध्याकाळी पावाचा डबा. डब्याशेजारी फ्लॉपी वाचणारी आणि लिहिणारी ड्राइव्ह होती, विटेएवढी जड आणि तव्याएवढी गरम.

मंगळवारी थेडाचा वाढदिवस होता. आणि तिच्या नवऱ्यानं, ओक्कोनं, तिला भेट द्यायचं ठरवलं.

ओक्को समुद्राच्या बांधावर मेंढ्या राखतो. बांधावरचं गवत मेंढ्यांनी खाल्लं नाही तर बांध ढिला होतो, आणि बांध ढिला झाला तर समुद्र घरात येतो, त्यामुळे हे काम मानाचं आहे. पण त्यात बोलायला कुणी नसतं. ओक्कोला भेटी सुचत नाहीत. मागची भेट त्यानं दिली होती ती नवी कुदळ. या खेपेला मात्र त्यानं नीट विचार केला. त्याच्या लक्षात आलं होतं, की चुलत भावानं दिलेल्या नव्या फ्लॉप्या आपली ड्राइव्ह वाचत नाही. म्हणून थेडा फेरीवर गेल्यावर त्यानं ड्राइव्ह बगलेत मारली आणि त्यार्ककडे नेली. त्यार्क गावचा दुरुस्तीवाला. रेडिओ, टीव्ही, दूध काढायची यंत्रं आणि पाद्रीबाईंचं घड्याळ असं काहीही दुरुस्त करी.

संध्याकाळी ड्राइव्ह टेबलावर होती, तिला लाल फीत बांधलेली होती, आणि ओक्को शेजारी उभा होता.

“सरळ करून आणली,” तो म्हणाला. “हेड वाकडं झालं होतं. आता नव्यासारखी.”

थेडा हसली. तिनं नाटकाची फ्लॉपी घातली. ड्राइव्हनं घरघर केली, थोडी थांबली, आणि पडद्यावर आलं की या फ्लॉपीवर काहीही नाही.

थेडानं दुसरी घातली. ती जपून काढून ठेवलेली प्रत होती. तिच्यावरही काही नव्हतं.

“ओक्को,” ती हळूच म्हणाली, “काय सरळ केलंत म्हणालात?”

आता ही वाकडेपणाची भानगड सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी ओक्कोनं लेअर शहरातल्या दुकानातून, रीतसर पैसे मोजून, एक खेळ आणला होता. ‘चंद्रावरचा माळी’. चंद्रावर कोबी लावायचा आणि उल्का पडायच्या आत काढायचा. दिवसभर मेंढ्यांकडे बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी कोबी बघावासा वाटणं साहजिक आहे. तर या खेळाच्या फ्लॉपीला कुलूप होतं. म्हणजे असं, की बनवणाऱ्यांनी फ्लॉपीवर एका ठिकाणी मुद्दाम जखम करून ठेवलेली होती. साधी कॉपी काढली की ती जखम उतरत नाही. कॉपी आपली धडधाकट निघते. खेळ सुरू होताना आधी ती जखम शोधतो. सापडली तर फ्लॉपी खरी. नाही सापडली, म्हणजे सगळं ठीकठाक असलं, तर चोरीची. जगात बहुधा एवढी एकच जागा असेल जिथे धडधाकट असणं हा गुन्ह्याचा पुरावा होता.

पण त्या जखमेवर आलेल्या ड्राइव्हला हे कुणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, आपण वाट चुकलो. मग तिचं वाचणारं हेड मागे मागे जाऊन भिंतीला धडकतं, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळावं. तड तड तड तड. पुन्हा जखमेवर येतं, पुन्हा चुकतं, पुन्हा तड तड तड तड. रोज संध्याकाळी उल्फर्सांच्या घरात वसुलीवाला दार ठोकतोय असा आवाज यायचा. आणि प्रत्येक ठोक्याला आतलं चाक केसाच्या बारक्या अंशानं सरकत होतं. ड्राइव्ह हळूहळू वाकडी होत गेली. थेडाला त्याचा पत्ता नव्हता, कारण ती चालू अंकच उघडे, लिहून झालेले नाही, आणि चालू अंकाला काही होत नव्हतं. वाकड्या नजरेनं लिहिलेलं त्याच वाकड्या नजरेला सरळ दिसतं. आणि कारखान्यातली खेळाची फ्लॉपी इतकी ठसठशीत लिहिलेली, की ती वाकड्या ड्राइव्हलाही वाचता येई. पुढे चुलत भावानं ओक्कोला याच ड्राइव्हवर खेळाची कुलूप फोडलेली कॉपी काढून दिली, ठोकणं थांबलं, आणि मूळ फ्लॉपी गेल्या वर्षी वसंतात चर्चच्या बाजारात गेली, जुन्या गमबुटांच्या शेजारी.

म्हणजे सारांश असा: ड्राइव्ह वाकडी होती तोवर नाटक होतं. ड्राइव्ह सरळ झाली आणि नाटक गेलं.

बुधवारी फेरी आटोपून थेडा त्यार्ककडे गेली. त्यार्क दूध काढायच्या यंत्रात डोकं घालून बसला होता.

“मॉइन. ती ड्राइव्ह पुन्हा वाकडी कर.”

त्यार्कनं डोकं बाहेर काढलं. “काय कर?”

“वाकडी. होती तशी.”

“थेडा, तीस वर्षं मी हे काम करतोय. मी वाकडं सरळ करतो. सरळ वाकडं करत नाही. उद्या लोक म्हणतील, त्यार्कनं बिघडवून दिली.”

“लोक काय म्हणतात ते मला विचार. रोज नऊ किलोमीटर ऐकते. तुझ्याबद्दल काय म्हणतात ते सांगू?”

त्यार्कनं मुकाट्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. दोन स्क्रू सैल करून तो मोटर जरा जरा फिरवी आणि थेडा फ्लॉपी घालून बघे. दुपार गेली. एकदा पहिल्या अंकाचं नाव पडद्यावर आलं आणि त्यार्कचा श्वास लागून पुन्हा गेलं.

“हातानं नाही जमायचं,” तो शेवटी म्हणाला. “मी एक टिचकी मारतो तेवढ्यात हे कुठल्या कुठे जातं. ते ठोक्याठोक्यानं गेलंय, ठोक्याठोक्यानंच जाईल. त्याच बाजूनं, त्याच भिंतीवर. नशीब समज, मी चाक चिकटवून टाकणार होतो, पण गोंद सुकला होता.”

“कोरी फ्लॉपी घातली तरी ठोकते ना?”

घालून बघितली. ठोकत होती, पण अगदी सभ्यपणे, शेजारीण साखर मागायला आल्यासारखी. ड्राइव्हला नुसत्या गुदगुल्या झाल्या.

“तुला तो खेळच हवा,” त्यार्क म्हणाला. “कुलपासकट. विकत घेतलेला. फोडलेला नव्हे.”

“मिळेल. अख्ख्या गावाकडे तो खेळ आहे.”

“खेळ आहे गं,” त्यार्क म्हणाला. “विकत घेतलेला कुणाकडे आहे ते बघ.”

गुरुवारी सकाळी पावाची गाडी निघाली तेव्हा थेडाच्या मनात दुसरं काही नव्हतं. ओक्को म्हणाला होता, “पुन्हा लिहिता नाही येणार? तुला तर पाठ असेल.” त्यावर थेडानं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती बघून तो वेळेच्या आधीच मेंढ्यांकडे गेला. बिचाऱ्याला आपण नेमकं काय केलं ते अजून कळत नव्हतं. लाल फीत मात्र त्यानं गुपचूप खिशात घातली होती.

चर्चच्या बाजारात ती फ्लॉपी पाद्रीबाईंनी घेतली होती, एवढं थेडाला आठवत होतं. पाद्रीबाई आल्मुट पातळ आवाजाच्या, आणि कुणी रागावणार असं वाटलं की आधी स्वतः माफी मागणाऱ्या.

“‘चंद्रावरचा माळी’ का? आहे ना, आहे,” त्या म्हणाल्या आणि एक डबा घेऊन आल्या. डब्यावर ‘प्रार्थनागीतं, साधी’ असं सुबक अक्षरात लिहिलं होतं. आत फ्लॉप्या होत्या.

“बाई, ही विकत घेतलेली नाही.”

“नाही कशी? सुरुवातीला किती छान पत्र येतं. ब्रेमेनची मुलं आहेत, सगळ्या मित्रांना नमस्कार सांगतात. मी म्हटलं, आजकाल एवढी रीत कोण पाळतं!”

“ते कुलूप फोडणारे आहेत, बाई. चोर आपलं नाव लिहून जातात.”

पाद्रीबाईंचा हात डब्यावरून आपोआप मागे आला. “अगं बाई. आणि मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली.”

“त्यात नुकसान नाही. पण बाजारातली खरी फ्लॉपी कुठे गेली?”

“ती फार आवाज करायची गं. मला प्रवचन लिहिता येईना. रेम्टनं मला ही शांत दिली आणि ती घेऊन गेला.”

रेम्ट अग्निशमन दलाचा प्रमुख. कालव्याकाठच्या गावात आग विझवायला पाण्याची कमतरता नाही, त्यामुळे त्याला काळजी करायला भरपूर वेळ असतो. थेडानं विचारल्याबरोबर त्याचे कान लाल झाले.

“माझ्याकडे आहे. म्हणजे, आहेत.”

“किती?”

“सात.”

“सात कशाला?”

“एक घरात, एक कोठारात, एक सासूकडे... आग सांगून येते का? मी प्रमुख आहे, थेडा. माझ्याच घरचा खेळ जळाला तर लोक काय म्हणतील?”

“आणि या साती कॉपी.”

रेम्टनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. दोन्ही बाजूंना गाव होतं, दुसरीकडे बघायला गावात जागाच नाही. “हळू बोल की. सगळेच करतात. माझी बायको सोडून. तिला यंत्र वापरता येत नाही.”

“मी पोलीस नाही, पाववाली आहे. मला खरी फ्लॉपी हवी. जी ठोकते ती.”

“ती हिंडेर्कनं नेली,” रेम्ट म्हणाला. “मी कॉपी देत होतो, तर मला अर्धा तास कायदा सांगितला आणि खरीच घेऊन गेला. रोज संध्याकाळी खेळतो म्हणे. पहिल्या कोबीच्या पुढे गेलेला नाही.”

थेडा गाडीच्या पायरीवर बसली. नऊ किलोमीटर गावात एकच माणूस प्रामाणिक निघाला होता, आणि तो हाच असायला हवा होता.

दुपारी ती पोपिंगांच्या दारात उभी राहिली. हिंडेर्कनं तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खेळाचा खोका आणला, चष्मा लावला आणि मागची बाजू वाचून दाखवली.

“‘हा खेळ उसना देऊ नये.’ छापलंय. मी देऊ शकत नाही.”

“हिंडेर्क, हा खेळ मुळात आमचा.”

“तो तू बाजाराला दिलास. बाजारानं पाद्रीबाईंना विकला. पुढचा इतिहास मला बोलायचा नाही. पण मी नियम मोडणार नाही. तुझं नाटक नाही झालं तर वाईट वाटेल मला, खरंच वाटेल. बटलरचे कपडे मात्र धुवून ठेवलेत.”

या ठिकाणी दुसरी कुणी बाई रडली असती किंवा ओरडली असती. थेडानं खोक्याची मागची बाजू पुन्हा एकदा वाचली.

“उसना देऊ नये,” ती म्हणाली. “देऊ नकोस. इथेच राहू दे. यंत्र मी इथे आणते. तुझ्या खोलीत, तुझ्या डोळ्यांसमोर, तुझ्याच हातानं घाल. त्याला कुणी उसनं म्हणतं का?”

हिंडेर्कनं पुन्हा वाचलं. खोक्यावर त्याविरुद्ध काही नव्हतं. नियमाच्या माणसाला नियमानंच धरावं लागतं. त्याची मान डावीकडे आणखी थोडी वळली.

“पण पाय पुसून ये,” तो म्हणाला.

थोड्याच वेळात पोपिंगांच्या बैठकीत पावाचा डबा, ड्राइव्ह आणि प्रिंटर मांडला गेला. हिंडेर्कचा स्वतःचा संगणक कोपऱ्यात होता, त्यावर विणलेला रुमाल. त्याची बायको स्वांत्ये चहा घेऊन आली. इथला चहा म्हणजे आधी कपात खडीसाखरेचा खडा, वर कडक चहा, मग कडेनं साय सोडायची, ढवळायचं नाही. तीन कपांच्या आत उठणं हा अपमान, आणि कपात चमचा उभा ठेवेपर्यंत घरची बाई ओततच राहते. थेडानं चमचा लांब सरकवून ठेवला. स्वांत्येला समजलं, की हे प्रकरण वेळ घेणार.

हिंडेर्कनं खेळाची फ्लॉपी दोन बोटांत धरून घातली. तड तड तड तड. बशीतले चमचे हलले.

“हा प्रामाणिकपणाचा आवाज आहे,” तो समाधानानं म्हणाला.

“पुन्हा घाल.”

तड तड तड तड. खेळ सुरू झाला की बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, मधूनमधून नाटकाची फ्लॉपी घालून बघायची. काही नाही. पुन्हा ठोक. काही नाही. पुन्हा. ड्राइव्ह इतकी तापली की स्वांत्येनं किटली तिच्यावर ठेवू का म्हणून विचारलं. थेडा पाठीचा कणा ताठ करून बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून हिंडेर्क थांबू या असं म्हणायचं दोनदा विसरला.

आणि मग एकदा घरघर थोडी जास्त वेळ चालली, आणि पडद्यावर आलं: पहिला अंक.

थेडानं प्रिंटर चालू केला. पानं कर्र कर्र करत बाहेर यायला लागली आणि हिंडेर्कच्या पायाशी घडी होऊन पडायला लागली.

“दुसरा नाही उघडत,” ती म्हणाली. “तो थंडीत लिहिला. तेव्हा आणखी वाकडी झाली होती. घाल.”

“पण पहिला मिळाला ना—”

“हिंडेर्क. घाल.”

हिंडेर्कनं घातली. तड तड तड तड. प्रिंटरमधून पडलेली पानं नीट लावून ठेवावीत म्हणून त्यानं उचलली. नियमाच्या माणसाला पसारा सहन होत नाही. उचलली म्हणून वाचली. एका काठाचे लोक म्हणतात पूल खाली ठेवा, दुसऱ्या काठाचे म्हणतात वर ठेवा, आणि दोघांच्या मध्ये एक पूल-इन्स्पेक्टर, जो कुणालाही पुलावरून सोडायच्या आधी त्याचे बूट तपासतो. पाचव्या पानावर हिंडेर्कच्या नाकातून आवाज आला. स्वांत्येनं चमकून वर बघितलं. असा आवाज तिनं त्यांच्या लग्नात ऐकला होता.

दुसरा अंक तिसऱ्या किटलीला आला. तो छापून होताना पहिला पुन्हा उघडून बघितला तर तो आता दिसेना. ड्राइव्ह त्याच्या पुढे निघून गेली होती. थेडानं छापलेल्या पानांवर हात ठेवला आणि म्हणाली, “तिसरा.”

तिसऱ्यासाठी ठोकायला लागले. तड तड तड. तड तड. तड. आणि मग काहीच नाही. ड्राइव्हचा हिरवा दिवा विझला, करपट वास आला, आणि ती कायमची गप्प झाली.

स्वांत्येनं उठून खिडकी उघडली.

“तिसरा अंक तोंडी सांग,” हिंडेर्क म्हणाला. “इन्स्पेक्टरचं पुढे काय होतं?”

“तू म्हणाला होतास, कागदावर. पूर्ण.” थेडाची नजर खोलीत फिरत होती. ती कोपऱ्यावर थांबली. “हिंडेर्क, तू रोज खेळतोस?”

“रोज. पावणेसातला.”

“हीच फ्लॉपी? ठोकणारी?”

“अर्थात हीच. मी कॉपी वापरणारा नाही.”

“केव्हापासून?”

“गेल्या वर्षाच्या उन्हाळ्यापा...” हिंडेर्कचा चेहरा बदलला. “नाही. नाही, थेडा. माझी ड्राइव्ह सरळ आहे. एकदाही दुरुस्तीला गेलेली नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

“अख्ख्या गावात मी एकटा नियमानं वागतो, आणि माझी ड्राइव्ह वाकडी?”

“बाकीच्यांच्या चोरीच्या फ्लॉप्या ठोकत नाहीत, हिंडेर्क. त्यांच्या सगळ्यांच्या सरळ आहेत.”

हिंडेर्क उठून आपल्या संगणकासमोर उभा राहिला, परीक्षेला बसलेल्या मुलीच्या बापासारखा. “हे मी होऊ देणार नाही. उद्या गावभर होईल. पोपिंगाची वाकडी म्हणून.”

“माझं नाटक त्या फ्लॉपीत अडकलंय,” थेडा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती उठून उभी राहिली होती, आणि ती उभी राहिली की खोलीत उजेड कमी व्हायचा. “दोन वर्षं मी ते लिहिलंय. तू मला दोनदा चढावर नापास केलंस, मी तिसऱ्यांदा आले. आता मी या खोलीतून तिसरा अंक घेतल्याशिवाय जाणार नाही. हवं तर स्वांत्येला विचार, चहा किती शिल्लक आहे.”

“चहा पुष्कळ आहे,” स्वांत्ये म्हणाली आणि रुमाल काढून घडी घालायला लागली.

हिंडेर्कनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा पहिल्या दोन अंकांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग बाजूला झाला.

थेडानं फ्लॉपी घातली. घरघर झाली. अडखळली नाही, कुरकुरली नाही. पहिल्याच फटक्यात पडद्यावर तिसरा अंक आला, पहिल्या शब्दापासून पडदा पडेपर्यंत.

थेडा खुर्चीवर बसली. प्रथमच तिनं चमचा हातात घेतला आणि कपात उभा ठेवला. हिंडेर्क खिडकीतून कालव्याकडे बघत होता.

“गावात असं सांग,” तो न वळता म्हणाला, “की ड्राइव्ह सरळ होती. तुझी फ्लॉपी वाकडी होती.”

“सांगीन,” थेडा म्हणाली. प्रिंटर कर्र कर्र करायला लागला.

पण हिंडेर्क फार वेळ खिडकीत राहू शकला नाही. पानं पडत होती आणि त्याला इन्स्पेक्टरचं पुढे काय होतं ते कळायला हवं होतं. पुढे असं होतं, की दोन्ही काठांचे लोक एकमेकांशी न बोलताच ठरवतात, आणि इन्स्पेक्टर मध्यभागी बूट तपासत असताना पूल वर घेतात. तो एका हातानं कठड्याला आणि दुसऱ्या हातानं नियमांच्या पुस्तकाला धरून लोंबकळतो, आणि पुस्तक सोडायला तयार होत नाही. हिंडेर्क हसता हसता सोफ्यावर आडवा झाला. साय सतरंजीवर सांडली. डोळे पुसत त्यानं बायकोला विचारलं, “काय ध्यान आहे! असा माणूस आपल्या गावात आहे का गं कुणी?”

स्वांत्येनं किटलीचं झाकण नीट बसवलं. “मला तर नाही बाई आठवत.”

शुक्रवारी संध्याकाळी खानावळीच्या टेबलावर थेडानं गठ्ठा ठेवला. पूर्ण. कागदावर. मंडळाच्या माणसांनी गठ्ठ्याकडे बघितलं, मग हिंडेर्ककडे. नऊ वर्षांची सवय होती. रेम्टनं मात्र आधी दार कुठे आहे ते बघून घेतलं.

“मी वाचलंय,” हिंडेर्क म्हणाला. “यंदा हेच करायचं. एक अट आहे. इन्स्पेक्टर मी.”

कुणी हसलं नाही. हारमरफेनमध्ये अशा वेळी हसत नाहीत, बूट बघतात. सगळे आपापले बूट बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

“ते काम अवघड आहे,” थेडा म्हणाली. “तुला बटलरची सवय. चालायचं कसं, बोलायचं कसं, सगळं बदलावं लागेल.”

“मी अभ्यास करीन. असा माणूस कसा वागत असेल याचा विचार करीन.”

“रोज तालीम. पावणेसातला.”

पावणेसात म्हटल्यावर हिंडेर्क क्षणभर थांबला. चंद्रावर कोबी वाट बघत होते. “ठीक आहे,” तो म्हणाला.

“आणि दिग्दर्शन मी करणार. मी सांगीन तसं उभं राहायचं. चुकलास तर पुन्हा. दोनदा चुकलास तर तिसऱ्यांदा.”

हिंडेर्कनं मान हलवली. जितकी हलायची तितकी.

थेडानं खुर्च्या मागे सारायला लावल्या, दोन टेबलं जोडून पूल केला, पाद्रीबाईंना पश्चिम काठावर बसवलं आणि रेम्टला पूर्वेला. मग तिनं पहिलं पान उचललं.

“पहिला प्रवेश. पूल खाली आहे, लोक येतायत. हिंडेर्क, तू अजून आलेला नाहीस. बाहेर जा, आणि मी बोलवीन तेव्हाच आत ये.”

हिंडेर्क पोपिंगा पाय पुसून बाहेर गेला.